रस्त्यावरून जाणारा रस्ता

एडिंबरोला जाऊन आलेल्या माणसाने किल्ल्याबद्दल बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मग मी बोलते. किल्ला चांगला आहे. पण वऱ्हाडातल्या माणसाने किल्ले काही कमी पाहिलेले नसतात, त्यामुळे तोंडात बोट घालावं असं मला काही झालं नाही. खरं सांगायचं तर ज्या दिवशी मी तो पाहिला, त्या दिवशी माझं अर्धं लक्ष परत घरी कसं पोचायचं याकडेच होतं. मी त्या देशात राहणार की पुढच्या आठवड्यात बोटीत बसणार, हे त्या पोचण्यावर ठरायचं होतं.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. विलायतेहून डॉक्टरीची वरची परीक्षा देऊन आलेल्या माणसाला नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत फार मान. तो मान माझ्या सासऱ्यांना आपल्या घरात हवा होता. उंद्रीला आमची जमीन बरी होती, कापूस पिकायचा, त्यांनी मुलाला पाठवलं. सोबत मला का पाठवलं, तर मुलगा तिकडून मडम घेऊन येईल या भीतीने. म्हणजे मी गेले ती राखणीला. शेतात बुजगावणं उभं करतात, त्याला जेवढं विचारतात तेवढंच मलाही विचारलं होतं.

पण बुजगावण्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं. माझी मोठी जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. अडली होती. गावच्या सुईणीला येत होतं ते तिने सगळं केलं. मी उशाशी बसून जावेचा हात धरला होता, कारण मला दुसरं काहीच येत नव्हतं. हात हातातच गार पडला. ती गोष्ट मला आजही सहन होत नाही. एडिंबरोत बायकांच्या एका इस्पितळात सुईणपणाचं शिक्षण देतात, असं घरमालकीणबाईंकडून कळलं, तेव्हा मी नवऱ्याच्या मागे लागून तिथे जाऊन आले. माझं इंग्रजी बुलढाण्याच्या शाळेतलं आणि थोडं नवऱ्याने शिकवलेलं. तेवढ्यावर तिथल्या मुख्य बाईंनी मला होकार दिला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ये म्हणाल्या.

नवरा वाईट नव्हता, घाबरट होता. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर खामगावचे एक वकील आणि त्यांची बायको राहत होती. दूरच्या नात्यातली, आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. काका मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते, ती झाली होती, आणि आता ते परत निघाले होते. नवऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलं की मलाही त्यांच्यासोबत लावून द्यायचं. घरच्यांचंही तेच म्हणणं होतं. विलायतेचं थोडं दर्शन झालं, आता सुनेने घरी यावं.

एका संध्याकाळी काकूंच्या देखत त्याने विषय काढला.

"तू इथं एकटी कशी राह्यशीन? मी दिवसभर दवाखान्यात. तुले गल्लीच्या टोकावर नेऊन सोडलं तं तू परत येत नाई."

हे अगदीच खोटं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रामच्या पुढ्यात उभी राहिले होते, आणि ती घंटा बडवत होती तरी बैलगाडी जशी माणसाच्या बाजूने काढून नेतात तसं तिने मला चुकवून जावं असं मला वाटलं होतं. पण रोज रोज तीच गोष्ट काढायची म्हणजे काय?

"सोडून पाहा," मी म्हटलं.

"सोडू?"

"सोडा. येऊन दाखवीन."

बोलाचाली वाढत गेली आणि त्यातून अट तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीने निघायचं. किल्लाही पाहायचा आणि राजवाडाही. रात्रीच्या जेवणाच्या आत घरी यायचं. आणि मुख्य म्हणजे कोणी आणून सोडता कामा नये, मग तो पोलीस असो, गाडीवाला असो नाहीतर कोणी भली बाई असो. असं झालं तर मी राहायचं, शिकायचं, आणि नवऱ्याने पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाहीतर तिकीट. मी लगेच हो म्हटलं. मला तेव्हा अटीत काही खोट दिसली नाही, रागात माणसाला कुठे काय दिसतं?

काकू खिडकीशी बसून ऐकत होत्या. त्या सगळा हिवाळाभर त्या खिडकीशीच होत्या. काकांना भेटायला बंद घोडागाडीतून इस्पितळात जायचं आणि बंद गाडीतूनच यायचं, याखेरीज त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. सकाळी मी निघाले तेव्हा मात्र दारापर्यंत खाली आल्या आणि म्हणाल्या, "वाट चुकली तं उतारानं जाजो वं. उतारानं गेलं का नदी भेटते, अन् नदीवर कोणी ना कोणी असतेच."

सल्ला शंभर नंबरी होता. आमच्याकडे कोणत्याही गावात हाच नियम चालतो. गाव वर, नदी खाली, आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना सगळ्यांची घरं माहीत.

अंगावर लुगडं, त्यावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, पायात बूट, असा माझा अवतार होता. बूट मला शेवटपर्यंत कधी आपले वाटले नाहीत. कोटाच्या खिशात लसणाची चटणी लावून गुंडाळलेल्या पोळ्या. आमचं घर विद्यापीठाच्या मोठ्या घुमटामागच्या गल्लीत होतं. म्हणून घुमटाशी नीट उभी राहिले, त्याला मनात पक्का केला, आणि समोरच्या सरळ रस्त्याने निघाले. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून ट्राम, आणि माणसं अशी घाईत जात होती की प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी असावं. मी इकडेतिकडे पाहिलंच नाही. नजर ट्रामच्या रुळावर आणि पाय फरशीवर. तो रस्ता एका चढाच्या मोठ्या रस्त्याला मिळाला, तिथे चांगली मोठी चौफुली होती. डावीकडे वर किल्ला, उजवीकडे खाली राजवाडा. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात नवऱ्याला दोन शब्द सुनावलेही.

किल्ल्याच्या दारावर घागरे घातलेले शिपाई उभे होते. मला हसू आवरेना. लुगड्याचा पदर तोंडाला लावला, तर आतल्या बाजूचा एक म्हातारा पहारेकरी जवळ आला आणि मी कुठली ते विचारू लागला. मी म्हटलं, वऱ्हाडची. त्याला काही बोध झाला नाही. मध्यप्रांत म्हटलं, नागपूर म्हटलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "कामठी!" तरुणपणी तिथल्या छावणीत होता म्हणे. कामठीबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उन्हाळा. ती त्याने कपाळाचा घाम पुसून दाखवून सांगितली, आणि त्या गारठ्यात आम्ही दोघं विदर्भाच्या उन्हाच्या आठवणीने सुस्कारे टाकत उभे राहिलो.

त्याने मला तटाजवळ नेलं. तिथून सगळं शहर दिसत होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला उंचावर नेलं की तो आधी सीमा पाहतो, धुरे म्हणजे बांध पाहतो, पाणी कुठून कुठे जातं ते पाहतो. मीही तेच केलं. एका बाजूला खोल खळगा होता, अगदी नदीचाच, पण त्यात पाणी नव्हतं. पाण्याच्या जागी आगगाडीचे रूळ आणि धूर. काकूंच्या सल्ल्यावरचा माझा विश्वास तिथे थोडा डळमळला. दुसऱ्या बाजूला मात्र माझ्या कामाचं दिसलं. मी चढून आले तो रस्ता डोंगराच्या पाठीवरून राजवाड्याकडे गेला होता, आणि त्याच्या खालच्या अंगाला, घरांच्या गर्दीत, दुसरा एक रस्ता त्याच्या बरोबरीने गेलेला दिसत होता. आणि आमचा घुमट? तो त्या खालच्या रस्त्याच्या पलीकडेच. म्हणजे राजवाड्याहून परत येताना पुन्हा हा चढ चढायचं काही कारण नव्हतं. खालच्या रस्त्याने धुऱ्याधुऱ्याने यायचं. घुमटाकडून येणारा मोठा रस्ता त्याला कुठेतरी छेदणारच, तिथे डावीकडे वळायचं की घर.

आजही मला त्या हिशेबात चूक सापडत नाही. वऱ्हाडात चूक नाहीच ती.

उतरताना मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या चर्चमध्ये गेले. आत इतकं शांत होतं की माझ्या बुटांचीच मला लाज वाटली. शिवाय खिशातल्या चटणीचा वास तिथे पसरायला लागला. एका बाईने मागे वळून पाहिलं, मग देवाला हात जोडून मी बाहेर आले. देव कोणाचा का असेना, दारावरून जाताना हात जोडावेत. दोन्ही बाजूंना बोळी होत्या, इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं. वर काठ्यांवर कपडे वाळत घातलेले. वाळत कसले, गारठत घातलेले. राजवाड्याच्या फाटकाबाहेर बसून मी पोळ्या खाल्ल्या. राजवाडा पाहिला. अट होती म्हणून पाहिला, जास्त काही आठवत नाही.

पोळ्या खाता खाता समुद्राकडून धुकं चढायला लागलं. सूर्य आधीही फार होता अशातला भाग नाही, पण कुठे आहे ते तरी कळत होतं. आता उगवत कुठली आणि मावळत कुठली तेही कळेना. आम्हाला डावं-उजवं नंतर शिकवतात, उगवत-मावळत आधी येते. ती गेली की माणूस निम्मा आंधळा. म्हणून मी मनाला बजावलं की जे किल्ल्यावरून पाहिलं तेच खरं धरायचं आणि चालायचं.

खालचा रस्ता सापडला. सुरुवातीला बरा होता. पुढे आंबवलेल्या धान्याचा वास यायला लागला, सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूरकडे मोहाच्या भट्ट्यांवरून जाताना येतो तसा. साहेबही पितो आणि त्यालाही कुठेतरी गाळावी लागते, एवढं कळलं. मग घरं उंच होत गेली, रस्ता काळवंडत गेला, आणि माणसं बदलली. अनवाणी माणसं. साहेबाच्या देशात, त्या थंडीत, अनवाणी बायका. मला धक्का बसला. आमच्याकडे कलेक्टरच्या बंगल्याशेजारून जाताना आपण ज्यांना पाहून बाजूला होतो, त्यांच्या देशात हे आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगतही नाही.

मी चालत होते आणि चौफुलीची वाट पाहत होते. एका दगडी कमानीखालून गेले. पुढे आणखी एका कमानीखालून गेले. चौफुली काही येईना. घुमट तर दिसतच नव्हता, वर नुसत्या भिंती आणि धुकं. मग रस्ता एकदम मोठ्या चौकात उघडला. तिथे गाड्या होत्या, घोडे होते, आणि मान वर केली तर किल्ला. डोक्यावर. सकाळी ज्याच्या तटावर उभी होते तोच. मी कोणताही मोठा रस्ता न ओलांडता घर मागे टाकून थेट किल्ल्याच्या पायाशी पोचले होते.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. किल्ला आहे, राजवाडा आहे, मधला रस्ता मी पुरता चालले आहे. मग ट्रामचा एवढा मोठा रस्ता गेला कुठे? गिळला कोणी?

एक पोलीस माझ्याकडे पाहत होता. तो जवळ आला, टोपीला हात लावला, आणि कुठे जायचं आहे, मी पोचवतो, असं म्हणाला. फार सभ्य माणूस. माझ्या तोंडावर हो आलंच होतं. ते मी गिळलं आणि फिरायला आले आहे असं सांगून, रस्ता माहीत असल्यासारखी ताठ मानेने मागे फिरले. बुटांनी टाचा सोलल्या होत्या. मला रडू आलं असेल असं लोकांना वाटतं. रडू नाही, राग आला होता. शहरावर, बुटांवर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त त्या चौफुलीवर. जावेच्या वेळी मी काही करू शकले नव्हते, आणि आता एका रस्त्यापायी ते शिकायचंही हातचं जाणार होतं. मी ठरवलं, या रस्त्याच्या प्रत्येक दगडावर पाय ठेवीन, पण घर शोधीन.

पुन्हा तोच रस्ता. पुन्हा पहिली कमान, पुढे दुसरी. दोन्ही बाजूंची प्रत्येक फट पाहत आले. चौफुली नाहीच. कुठे कुठे दिवे लागायला लागले होते. दुसऱ्या कमानीच्या तोंडाशी एक बाई धुण्याचं गाठोडं घेऊन चालली होती. डोक्यावरून शाल, हात कोपरापर्यंत लाल, पाय उघडे. नदी नाही तर नाही, धुणं धुणारी बाई तर आहे, असं म्हणून मी तिला थांबवलं आणि विचारलं, ट्रामचा मोठा रस्ता कुठे आहे?

तिने बोट वर केलं.

मला वाटलं, बिचारीने देवाचं नाव घेतलं. मी पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. तिने पुन्हा बोट वर केलं आणि हसली. तेवढ्यात डोक्यावर खडखडाट झाला, ट्रामची घंटा वाजली. कमानीच्या वर, कठड्यापलीकडे, टोप्या चाललेल्या दिसल्या. माणसांच्या टोप्या.

आमच्याकडे पुलाखाली पाणी असतं. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण निदान वाळू असते. इथे पुलाखाली गाव होतं. सकाळी मी ज्या रस्त्यावरून इकडेतिकडे न पाहता गेले, तो पूलच होता, आणि दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे त्याने मला तसं कळू दिलं नव्हतं. दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि तरी भेटत नाहीत, हे मी बापजन्मी पाहिलं नव्हतं. गाडी गाडीला आडवी येते तिथे चौफुली होते, तिथे वडाचं झाड असतं, पाणपोई असते. रस्त्याने रस्त्याच्या डोक्यावरून जायचं, ही रीत मला आजही थोडी उद्धटपणाची वाटते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी त्या बाईचे आभार मानले आणि वर जायचा रस्ता विचारला. तिने सांगितला, पण मला तिचा एक शब्द कळेना. तेव्हा तिने गाठोडं एका दारात टाकलं, माझा दंड धरला आणि चालायला लागली. मी नको म्हटलं. एकटी जाईन म्हटलं. अट समजावून सांगायचा प्रयत्नही केला, पण ज्या इंग्रजीत पोळी मागता येते त्या इंग्रजीत अट समजावता येत नाही. तिने ऐकलंच नाही. एक अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची बोळ होती, तिच्यातून ती मला ओढत वर घेऊन गेली. आणि चढता चढता माझ्या लक्षात आलं की हे मी ओळखते. पाहुणा निघाला की आम्ही त्याला शिवेपर्यंत घालवायला जातो. तो कितीही नको म्हणो. दारातूनच निरोप देणं म्हणजे हाकलणं. ही बाई तेच करत होती. तिच्या गावाची शीव त्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला होती एवढंच.

वर दिवे होते, ट्राम होती, दुकानांच्या काचा होत्या, आणि धुक्यात आमचा घुमट. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी म्हणाली, आणि पुढे एक पाऊलही न टाकता परत खाली गेली. तिचं म्हणणं मला कळलं नाही याची मला हळहळ वाटते.

नवरा दारातच होता, टोपी न घालता, बाहेर पडायच्या तयारीत. मला पाहून तो "आली!" असं इतक्या मोठ्याने म्हणाला की घरमालकीणबाई बाहेर आल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. मग त्याला अट आठवली.

"एकटी आली?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. पायऱ्यांवरच्या त्या बाईला कोण विचारायला जाणार होतं? पण ज्या बाईने मला हाताला धरून अंधारातून वर आणलं, ती नव्हतीच असं म्हणायला माझी जीभ वळेना. वर खोलीत काकांच्या आणि काकूंच्या देखत मी सगळं सांगितलं. खालचा रस्ता, कमान, बोट, पायऱ्या, सगळं.

"म्हणजे आणूनच सोडलं," नवरा म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, पण तो अडून बसला. "अट म्हणजे अट."

"अट चुकीची होती," मी म्हटलं. "आपण आलो त्या दिवशी स्टेशनावरून इथवर तुम्ही एकटे आले होते? नागपूरचा तो विद्यार्थी घ्यायला आला होता, तुम्ही त्याचा हात सोडत नव्हते. माह्या माहेरी डोणगावले जायचं म्हटलं तरी मेहकरात चार जणाईले विचारा लागते. विचारल्याबिगर कोणी कुठं पोचते का? आजपासून मी विचारतच जाईन. हरली म्हणा, हरली तं हरली. पण मी बोटीत बसत नाई."

काका खाकरले. वकील माणूस, त्यांना बहुधा अटीचा कायदा समजावून सांगायचा होता. त्यांच्या आधी काकू बोलल्या.

"मी नेत नाई तिले."

नवरा म्हणाला, "काकू, तुम्ही यात कायले पडता?"

"मी नाई तं कोण पडीन? माह्यासंग पाठवून राह्यला ना तू तिले? मले विचारलं काय? तिले विचारलं नाई, मले विचारलं नाई. आमी काय पेट्या हाव?" त्या एका दमात बोलल्या आणि मग आपण इतकं बोललो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारख्या खिडकीकडे वळल्या. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "रस्त्यावरून रस्ता जाते म्हणते ना तू? जायच्या आंदी मले दाखवशीन का वं?"

नवऱ्याने त्या रात्री जेवताना तिकिटाचं नाव काढलं नाही, आणि पुढेही कधी काढलं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी त्या इस्पितळात गेले. उंद्रीला परत आल्यावर पहिलं बाळंतपण केलं ते आमच्या शेतावरच्या सालदाराच्या बायकोचं. तीही अडली होती. ती वाचली, पोरगीही वाचली. मी घरी येऊन जावेच्या खोलीत बसले आणि खूप रडले.

काकूंना मी त्या अटीच्या दिवसानंतर दोन दिवसांनी पूल दाखवायला घेऊन गेले. काका विश्रांती घेत होते, नवरा दवाखान्यात होता, आम्ही कोणाला विचारलं नाही. काकूंनी माझा तो ओव्हरकोट घातला होता, मी काकांचा. जिना उतरताना त्यांनी कठडा सोडला नाही आणि रस्त्यावर माझा हात सोडला नाही. गल्ली संपली, घुमट आला, चार दुकानं गेली, आणि दुकानांच्या मधल्या मोकळ्या जागेत कठड्याशी मी त्यांना थांबवलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. खाली रस्ता होता, गाड्या चालल्या होत्या, शाली घेतलेल्या बायका चालल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक मान वर करून आमच्याकडे पाहत होती. काकू बराच वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. घुमटाच्या बाजूला आमच्या गल्लीचं तोंड तिथूनही दिसत होतं.

"इतलं जवय होतं," त्या म्हणाल्या. "अन् मी सारा हिवाया खिडकीतच बसून राह्यली."